नारू

दूषित पाण्यातून होणारा परोपजीवी कृमिरोग. त्याचा कारक ड्रॅकुनक्युलस मेडिनेन्सिस हा सूत्रकृमी होय. त्याची डिंभके सायक्लॉप्स या जलचरासोबत पोटात जातात. वर्षभराने सुमारे मीटरभर लांबीची मादी, बहुधा पायावरच्या फोडातून, बाहेर पडू लागते. ती काडीवर गुंडाळत हळूहळू काढणे हा अत्यंत वेदनादायी उपाय आजही टळलेला नाही, कारण यावर लस वा गुणकारी औषध नाही. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये अवघे १४. पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित करून व पाणी गाळून पिण्याची सवय लावून भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला, ही सार्वजनिक आरोग्याची थोर कामगिरी आहे.

मात्र आफ्रिकेतील चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांत नारू आढळू लागला आणि केवळ माणसाचा मानलेल्या या रोगाचे गणितच बदलले. जनुकीय तपासणीत माणसातील व कुत्र्यांतील कृमी एकाच जातीचे ठरले. बेडकांत डिंभके सापडल्याने, बेडूक किंवा कच्चे मासे खाण्यातूनही लागण होत असावी असे संशोधक मानतात. त्यामुळे तेथे बाधित कुत्री बांधून ठेवतात, माशांची आतडी पुरतात व तळ्यांत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकतात.