होईल सवय

नव्या मजुरास जिनात पहिल्या दिवशी ठसका लागला की शेजारचा जुना माणूस म्हणतो, "होईल सवय." या दोन शब्दांचा वऱ्हाडातील इतिहास आम्हांस आज थोडा उकलून पाहावयाचा आहे.

अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडी कापसास सोन्याचे मोल आले. पाठोपाठ आगगाडी आली आणि अकोला-अमरावतीकडे वाफेवरचे रेचे व प्रेस उभे राहिले. त्यांत शिरलेला शेतमजूर उन्हास सरावलेला होता, आणि ती सवय खरी होती. दहा-बारा दिवस उन्हात राबले की घाम लवकर फुटतो, त्यातील मीठ कमी होते, रक्तातील पाणी वाढते, छातीची धडधड उतरते. महिनाभर सावलीत काढला की ही कमाई बहुतेक संपते, हे निराळे.

रेच्याच्या खोलीतील गोष्ट वेगळी. कापसाच्या धुळीने नवख्यास पहिल्या दिवसांत ताप भरतो, पुढे तो येत नाही. जुन्यांपैकी कित्येकांची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, दुसऱ्या दिवशी सैल होते. लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगार तपासून डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या वर्षांत या सोमवारच्या दुखण्यावरूनच रोगाच्या पायऱ्या लावल्या. मंगळवारी बरे वाटते खरे. पण वर्षे गेली की सोमवार आठवडाभर पसरतो. आवाजाचेही तसेच. खडखडाट आता जाणवत नाही असे जो म्हणतो, त्याचा कान पुष्कळदा गेलेला असतो. गेटसभेत आम्ही बोलू लागलो की पुढच्या रांगेतले जिनवाले कानामागे हात धरतात!

कायद्यानेही या सवयीवर भिस्त ठेवली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. १९११ मध्ये ते कक्षेत आले. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यास आठवड्याचे ५४ तास, मोसमी कारखान्यास मात्र ६०. थोडेच महिने काम, तेव्हा शरीर सोसेल, हा हिशेब असावा. १९४८ साली दोघांनाही ४८ तास झाले.

तास घटले, धूळ उरली. हंगाम सरला की मजूर शेतावर जातो, पुढच्या वर्षी नवे हजेरीपुस्तक, कित्येकदा नवा मालक. मग दहा हंगामांचा खोकला कोणाच्या खाती घालावयाचा? म्हणून सवय झाली का, असे आम्ही आता विचारीत नाही. सुटीनंतरच्या दिवशी छाती कशी होती ते विचारतो, आणि तारीख घालून वहीत उतरवून ठेवतो.