‘ऑन’चा न लिहिलेला हिशेब

वेल्ह्याच्या मुलखात तोरणा आणि राजगड हे दोन किल्ले उभे आहेत. त्या काळच्या फौजेविषयी लिहावयाचे म्हटले की बारगीर आणि शिलेदार हा भेद सांगावाच लागतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिरास तो सरकारी पागेतून मिळे. घोड्याचे मोल कोणी सोसले, यावर शिपायाची पायरी ठरे. उत्तम घोडे समुद्रापलीकडून गलबतांनी येत. १५१० मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी त्या वाटेवर आपली चौकी बसविली व घोड्यामागे जकात घेतली. त्यापूर्वीच्या विजयनगरचा साळुव नरसिंह तर, नुनीझ नावाच्या पोर्तुगीजाने लिहून ठेविल्याप्रमाणे, वाटेत मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी जिवंत घोड्याइतके पैसे मोजीत असे! सौदा वेडा खरा. पण त्याचा हिशेब आपल्या हाती आहे.

आपल्या काळातील अशाच एका सौद्याचा हिशेब मात्र कोठेच सापडत नाही. दुर्मिळ वाहनासाठी ठरलेल्या किमतीवर जी रक्कम गुपचूप हातावर ठेवावी लागे, तिला लोक ‘ऑन’ म्हणत. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने कारखान्यास परवाना घ्यावा लागू लागला, आणि किती माल काढावयाचा तेही परवान्यातच लिहिलेले असे. पुढे मोटारींच्या व स्कूटरींच्या विक्रीवरही सरकारी नियंत्रण आले. मोटारीची रास्त किंमत कोणती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट काय किंवा आकुर्डीची बजाज स्कूटर काय, पैसे भरावयाचे आणि नंबराची वाट पाहावयाची. १९७२ साली बजाजने आपल्या नव्या स्कूटरीस राणा प्रतापाच्या घोड्याचे ‘चेतक’ हे नाव दिले. परंतु या चेतकावर बसावयास दहा-दहा वर्षे लागत. परदेशी चलनात किंमत भरणारास ती लवकर मिळे; म्हणून ज्याचा भाऊ विलायतेत, त्याचे भाग्य थोर. लग्नाच्या बोलण्यांतही स्कूटरीचा विषय निघे. ज्यास थांबणे शक्य नसे, तो ऑन देई.

हा पैसा गेला कोणाकडे? कारखान्याकडे नव्हे, त्यास ठरलेलीच किंमत मिळे. सरकारी तिजोरीतही नव्हे. तो नंबर बाळगून बसलेल्याच्या किंवा विक्रेत्याच्या खिशात गेला. विक्रेत्याच्या लोभास दोष देण्याची आपल्याकडे चाल आहे, ती मला पुरती पटत नाही. लोभ सर्व काळी सारखाच असतो. दार अरुंद झाले की दारवानास मोल येते. इतिहासकाराची अडचण निराळीच आहे. पावतीवर ठरलेली किंमत तेवढी लिहिलेली असे. उद्या कोणी त्या पावत्या जमवून त्या काळची स्वस्ताई सिद्ध करील, आणि ते सारे लेखन साधार पण खोटे असेल.

अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचविलेली किंमत चिकटविणे सक्तीचे झाले. विक्रेता त्या किमतीने बांधलेला नाही. थोड्याच निघणाऱ्या वेगवान गाडीवर तो आपली वाढीव रक्कम दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी डकवितो. हा निर्लज्जपणा म्हणावा तर म्हणावा. कागद मात्र मागे राहतो.

इकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, तेव्हा तिच्यासाठीही लाखावर लोकांनी आधीच पैसे भरून ठेविले होते, आणि ऑनचा व्यवहार तिच्याही मागे लागला. १९९३ साली मोटारीच्या कारखान्यांवरील परवान्याचे बंधन उठले, कारखाने वाढले आणि साध्या गाडीवरचा ऑन ओसरला. मग दुर्मिळपणा मुद्दाम निर्माण करण्याचे दिवस आले. चाकणला ज्यांची साधी पोलो तयार होत असे, त्या फोक्सवॅगनवाल्यांनी २०१६ मध्ये तिची वेगवान ‘जीटीआय’ ही आवृत्ती परदेशातून आणविली. गाड्या अवघ्या ९९. किंमत पंचवीस लाखांच्या वर. येथे ऑनला जागा होती असे कोणासही वाटेल. परंतु गिऱ्हाईक अडलेले नव्हते, त्यास दुसरी दारे उघडी होती. पुढे कंपनीस किंमत जवळजवळ सहा लाखांनी उतरवावी लागली. ही सूट मात्र वर्तमानपत्रांतून आकड्यांसकट छापून आली.