सर्पगंधेची मुळी आणि मेंदूचा शोध

12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब 300/190 भरला होता. तो खाली आणणारे खात्रीचे औषध तेव्हा कुणाकडेच नव्हते.

चारच वर्षांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईहून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. लेखक होते केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. अतिरक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी रक्तदाबात पडलेला फरक नोंदवला होता. ही मुळी आपल्याकडे नवी नव्हती. वैद्य आणि हकीम ती वेडावर आणि सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तर 1931 मध्येच रक्तदाबावरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिले होते. पण भारताबाहेर तिकडे लक्ष गेले ते वकिलांच्या नोंदींमुळे. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली आणि 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले.

रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खिन्न होत, तर काहींचे हातपाय कंपवाताच्या रुग्णासारखे ताठरत. खरी मोलाची गोष्ट या दुष्परिणामांतच दडली होती. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये प्राण्यांना रेसर्पिन टोचले. ते निश्चल पडले. मग एल-डोपा टोचताच काही वेळात ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतला डोपामाइन या रसायनाचा साठा रिता होतो, हे पुढे स्पष्ट झाले. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांना 1960 मध्ये कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत हीच उणीव आढळली. आजही कंपवातावरचे मुख्य औषध लिव्होडोपा, म्हणजे तेच एल-डोपा, आहे. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले.

वकिलांना 1957 चा लास्कर पुरस्कार मिळाला. तरी मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात त्यांचे नाव फारच क्वचित निघते, याची खंत वाटते.

रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो का, हा प्रश्न मात्र उरलाच होता. एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर चाचणी घेतली. उपचारातल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. 1967 मध्ये निकाल आला: निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या 70 जणांपैकी 27 जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्या 73 जणांपैकी फक्त दोघांना.