ताक आणि जिवाणूयुक्त आंबवलेली दुग्धपेये

लॅक्टिक आम्ल जिवाणूंनी आंबवलेल्या दुधाची पेये. महाराष्ट्रात मुख्यतः ताक व मठ्ठा. मुंबईतील विक्रोळीच्या कन्नमवारनगरासारख्या वसाहतींत घरच्या विरजणाच्या ताकाबरोबर डेअरीतील पिशवीबंद ताकही घेतले जाते. विरजणातील जिवाणू लॅक्टोज शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. म्हणून दूध न पचणाऱ्यांना दही-ताक बहुधा सोसते. हा फायदा सर्वांत भक्कम पुराव्याचा आहे. आंबवलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जोडला; जपानच्या मिनोरू शिरोता यांनी निवडलेल्या लॅक्टोबॅसिलस वाणापासून 1935 मध्ये ‘याकुल्ट’ हे पेय आले.

‘प्रोबायोटिक’ म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. लाभ वाणागणिक बदलतो: काही वाण प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब कमी करतात, सर्वच नव्हे. घरच्या विरजणातील वाण ठरलेले नसतात, त्यामुळे प्रत्येक ताकाला ही संज्ञा काटेकोरपणे लावता येत नाही. आहार म्हणून ताकाचे मोल यामुळे उणावत नाही. ताकाची कढी उकळल्यावर मात्र त्यातील जिवाणू मरतात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांनी प्रोबायोटिक उत्पादने वैद्यांना विचारूनच घ्यावीत.