हेजाझ दरबारांतील रशियन वकिलात (इ. स. १९२४ ते १९३८)

राजकारणाचा इतिहास लिहितांना तहनामे व मान्यतापत्रें यांवरच भिस्त ठेवण्याचा प्रघात आहे. उधारीच्या खात्याकडे सहसा कोणी वळत नाहीं. रशिया व हेजाझ यांच्या चौदा वर्षांच्या संबंधांत मात्र या उपेक्षित कागदाचेंच मोल अधिक, असें आमचें मत झालें आहे.

इ. स. १९२४ च्या ऑगस्टांत सोव्हिएत सरकारचा वकील करीम हकीमोव जेद्दा येथें दाखल झाला, तो शरीफ हुसेनच्या दरबारीं. हकीमोव जन्मानें तातार मुसलमान. ख्रिस्ती वकिलांस मक्केंत पाऊल टाकण्याची मनाई, यास नव्हती. ही निवड सहज झालेली नव्हे. त्याच वर्षीं इब्न सौदनें मक्का घेतली, व १९२५ त जेद्देस वेढा पडला असतां हकीमोव उमरा करण्याच्या निमित्तानें मक्केस जाऊन खुद्द इब्न सौदला भेटला. वकिलात एका पक्षाकडे आणि बोलणें दुसऱ्याशीं! पेशवाईंतील वकिलांचीं पत्रें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.

ता. ८ जानेवारी १९२६ रोजीं इब्न सौद हेजाझचा राजा झाला, ता. १६ फेब्रुवारीस हकीमोवनें त्यास मान्यतेचें पत्र दिलें. सर्व राष्ट्रांत ही पहिली मान्यता होय. स्वदेशीं धर्मसंस्था मोडण्यास निघालेल्या सरकारनें वहाबी राजास सर्वांआधीं मान द्यावा, हें अनेकांस कोडें वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. तांबड्या समुद्रावर इंग्रजांस शह देणारा कोणी मॉस्कोस हवा होता, आणि इंग्रजांशीं बोलणें करतांना राजासही पाठीशीं दुसरें बळ दिसावयास हवें होतें. ता. २० मे १९२७ च्या जेद्देच्या तहानें इंग्रजांनीं त्याचें पूर्ण स्वातंत्र्य कबूल केलें.

पण मान्यतापत्रास पैसा पडत नाहीं. खरी पारख पुढें झाली. जागतिक मंदीनें हाजचे यात्रेकरू घटले व राजाची तिजोरी आटली. १९३१ त रशियानें घासलेट व पेट्रोल उधार पुरविलें. त्याची बाकी सुमारें ३०,००० पौंड राहिली. १९३२ त राजपुत्र फैसल मॉस्कोस गेला, तेव्हां ही बाकी सोडण्याची व शिवाय १० लाख पौंडांची पत देण्याची तयारी रशियानें दाखविली. गरजू असूनही राजानें ती पत घेतली नाहीं. त्यास रशियाची मैत्री हवी होती, मिंधेपण नको होतें. पुढच्याच वर्षीं, मे १९३३ त, तेलाचा मक्ता अमेरिकन कंपनीस गेला.

तरीही संबंध तुटले ते जेद्देंत नव्हे, मॉस्कोंत. १९२८ पासून १९३६ पर्यंत तेथें वकील असलेला नझीर तुराकुलोव व मागाहून पुन्हां त्याच जागीं आलेला हकीमोव, दोघांसही परत बोलावून स्टालिनच्या सरकारनें ठार मारलें. पहिल्यास नोव्हेंबर १९३७ त, दुसऱ्यास जानेवारी १९३८ त. त्याच १९३८ च्या मार्चांत दम्मामच्या विहिरीस भरपूर तेल लागलें, व त्याच सालीं वकिलात बंद झाली. ती पुन्हां उघडण्याचा करार १९९० त झाला.