डासांच्या बॅटचं कूळ

स्थितिक विद्युतचे प्रयोग घरी करू पाहणाऱ्या हौशी माणसाची पहिली अडचण असते व्होल्टची. फ्रँकलिनच्या घंटा वाजवायच्या किंवा सुईच्या टोकातून सुटणाऱ्या वाऱ्यावर कागदाची भिंगरी फिरवायची, तर पाच-दहा हजार व्होल्ट लागतात. धारा मात्र मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी इतकी थोडी पुरते. असा स्रोत आज बरेच जण डासांच्या बॅटमधून काढतात. बॅटच्या मुठीतल्या छोट्या पट्टीवर डायोड आणि कपॅसिटरची जी रांग असते, तिचं कूळ शंभर वर्षांहून जुनं आहे.

त्याआधीची यंत्रं हाताने फिरवायची होती. मॅग्डेबर्गच्या ऑटो फॉन गेरिकेचा गंधकाचा गोळा सतराव्या शतकातला, तर जेम्स विमशर्स्टचं उलटसुलट फिरणाऱ्या दोन तबकड्यांचं यंत्र १८८३ सालचं. विमशर्स्टचं यंत्र देखणं आहे, प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी त्याची मूठ फिरवावी असं मला मनापासून वाटतं. पण कोकणातल्या जुलैत त्याचं काही चालत नाही. तबकडीवर ओलाव्याचा थर बसतो आणि भार साठायच्या आधीच निसटून जातो. पावसाळ्यातही प्रयोग करायचे, तर गळती सतत भरून काढणारा स्रोत हवा.

हाइनरिख ग्राइनाखर या स्विस भौतिकशास्त्रज्ञाची गरज याहून साधी होती. त्याच्या आयनमापकाला २०० ते ३०० व्होल्टचा एकदिश दाब हवा होता आणि झुरिकची वीज होती ११० व्होल्टची, तीही प्रत्यावर्ती. त्याने काढलेला उपाय १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटेच्या एका अर्ध्या भागात पहिला कपॅसिटर डायोडमधून भरतो. लाट उलटली की तो भरलेला कपॅसिटर आणि मूळ स्रोत एकाच दिशेने जोर लावतात आणि दोघांच्या दाबांची बेरीज दुसऱ्या कपॅसिटरमध्ये उतरते. ११० व्होल्टच्या लाटेचा माथा साधारण १५५ व्होल्टचा, त्याची दुप्पट ३१०. आयनमापकाचं काम भागलं.

१९२० मध्ये त्याने अशा जोड्या एकापुढे एक रचल्या आणि शिडी तयार झाली. दर पायरीला दाब दोन माथ्यांनी वाढतो, पण कुठल्याही एका डायोडवर किंवा कपॅसिटरवर दोन माथ्यांहून जास्त ताण येत नाही. शिडीचं सगळं मोल यातच आहे. वीस हजार व्होल्ट सोसणारा एकही सुटा भाग हाताशी नसताना वीस हजार व्होल्ट उभे करता येतात.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन स्वतंत्रपणे याच रचनेपाशी पोचले. त्यांना प्रोटॉन वेगाने अणुकेंद्रावर आदळायचे होते, आणि भौतिकशास्त्रज्ञ गॅमोच्या सिद्धांताप्रमाणे त्यासाठी काही लाख व्होल्ट पुरणार होते. त्यांनी काचेच्या उंच नळ्या उभारल्या, सांधे मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनने बंद केले आणि आतली हवा पंपाने उपसत राहिले. १४ एप्रिल १९३२ रोजी लिथियमचं केंद्रक फुटून दोन अल्फा कण बाहेर पडले. १९५१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं आणि शिडीला त्यांचंच नाव चिकटलं. ग्राइनाखरचं नाव मागे पडलं याची मला खंत वाटते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही १९५०च्या दशकात दहा लाख व्होल्टचा असा जनरेटर बसवला.

खोलीभर पसरलेली ही शिडी मुठीत मावू लागली ती कंप्रतेमुळे. शिडीतून धारा ओढली की वरचा दाब खचतो, आणि पायऱ्या वाढवल्या की हा खच झपाट्याने, जवळजवळ पायऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढतो. तो आवरायला एकतर कपॅसिटर मोठे घ्यायचे, नाहीतर ते सेकंदाला जास्त वेळा भरायचे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तर आपल्या जुन्या टीव्हीतला फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर १५,६२५ वेळा. म्हणजे कपॅसिटर तीनशे पटींनी लहान चालतो. रंगीत टीव्हीच्या चित्रनळीला लागणारे सुमारे २५,००० व्होल्ट सुरुवातीच्या अनेक संचांत ट्रिपलर नावाच्या तळहाताएवढ्या ठोकळ्यातून येत, आणि तो ठोकळा म्हणजे ग्राइनाखरचीच शिडी. पुढे डायोड फ्लायबॅकच्याच पोटात गेले. मेकॅनिक ज्याला ‘ईएचटी’ म्हणतात तो भाग भंगारात अजून सापडतो, पण काढताना चित्रनळीत उरलेला भार आधी उतरवावा लागतो.

बॅटमध्ये एक ट्रान्झिस्टर फेराइटच्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला सेकंदाला हजारो हेलकावे देतो आणि पुढच्या दोन-तीन पायऱ्या दाब दोनेक हजार व्होल्टपर्यंत नेतात. त्याच भागांच्या आणखी पायऱ्या जोडल्या की दहा हजार गाठता येतात. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, लागणारे डायोड नि कपॅसिटर स्वस्तात मिळतात. सोल्डरचे डाग गोल आणि गुळगुळीत ठेवावेत, टोक राहिलं की तिथून भार हवेत झिरपतो. शेवटी १०० मेगाओहमचा रोध घालावा, म्हणजे दहा हजार व्होल्टलाही धारा मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शापुढे जात नाही. हा रोध एकाच तुकड्याचा नको, तेवढी बेरीज होईल असे बरेच लहान रोध ओळीने जोडावेत, इतके की प्रत्येकाच्या वाट्याला काहीशे व्होल्टच यावेत, कारण साधा रोध तेवढेच सोसतो. बटण सोडल्यावरही कपॅसिटर भरलेलेच असतात, म्हणून हात लावण्याआधी ते रोधातून रिकामे करावेत.

याच कुळातला एक भाऊबंद मात्र प्रयोगासाठी वापरू नये. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही ट्रान्सफॉर्मर, एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून दाब दुप्पट करतात. मांडणी ओळखीची वाटते, पण ती ५० हर्ट्झवर चालते आणि मॅग्नेट्रॉनला शेकडो मिलिअँपिअर पुरवण्यासाठी बनवलेली असते. त्या ट्रान्सफॉर्मरचा एक स्पर्श जीव घेतो. स्थितिक विद्युतच्या प्रयोगांना तेवढ्या धारेची कुठेच गरज नसते.