चाक मोठं केलं की गाडी उंच होते का? छोट्या कारला अलॉय टाकण्याआधी हे बघा

गावाकडे जुनी स्विफ्ट नाहीतर वॅगन आर घेतली की बऱ्याचदा पहिला खर्च चाकांवर होतो. टायर घासलेले असतात, बदलायचेच असतात. मग दुकानदार म्हणतो, "आता बदलताच आहात तर १६ ची अलॉय टाका, गाडी उठून दिसेल." उठून दिसते, हे खरं. पण अनेकांना दुसरीही आशा असते, की चाक मोठं झालं म्हणजे गाडी वर उचलली जाईल आणि मुरमाच्या रस्त्यावर खालून घासणार नाही. गडबड इथेच होते. नुसती रिम मोठी केली म्हणून गाडी उंच होत नाही.

टायरच्या बाजूवर जो नंबर असतो त्यात सगळा हिशेब आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर येतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंचीचं रबर, म्हणजेच १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिम १४ इंची. रिम आणि वर-खालचं रबर धरून पूर्ण चाकाची उंची साधारण ६२० मिलिमीटर होते.

त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. रिम एक इंचाने मोठी, तरी चाकाची उंची साधारण ६२१ मिलिमीटर. फरक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. गाडी तेवढीच उंच राहिली, फक्त रबराची भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर आली. पुढे १६ ची रिम घेतली आणि १९५/५५ टायर लावला, तर उंची पुन्हा ६२१ च्या आसपास, पण रबर उरलं १०७ मिलिमीटर. १७ ची रिम आणि २०५/४५ घेतला तर रबर ९२ च.

म्हणजे रिम वाढते तसं रबर कमी होत जातं. गुळगुळीत हायवेवर त्याचा फायदा आहे. गाडी वळणावर कमी झुलते, स्टिअरिंग नेमकं लागतं. पण साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची जी गत होते, तिथे हेच पातळ रबर महागात पडतं. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटते, आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच. हवा कमी असेल तर हे आणखी लवकर होतं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, अलॉयला मात्र तडा जातो. वेल्डिंग करून ती पुन्हा चालवणं म्हणजे भर वेगात चाक फुटण्याचा धोका पत्करणं.

मग उंची हवीच असेल तर? रिम तीच ठेवून जाड टायर लावायचा, असा सल्लाही मिळतो. समजा १६५/८० च्या जागी पिकअप-व्हॅनच्या मापाचा १८५/८० आर १४ लावला. चाक ३२ मिलिमीटरने मोठं झालं, पण त्यातला निम्माच भाग आक्सलच्या खाली येतो. म्हणून गाडी उचलली जाते फक्त १६ मिलिमीटर, दीड सेंटिमीटरच्या जरा वर. एवढ्यासाठी बाकी बरंच बिघडतं. चाक एका फेऱ्यात पाच टक्के जास्त अंतर कापतं, ते मीटरला कळत नाही. मीटर ८० दाखवत होता तिथे आता गाडी आधीपेक्षा पाच टक्के जोरात पळते. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून "ॲव्हरेज पडलं" असं जितकं वाटतं त्यातलं थोडं खोटं असतं. उरलेलं मात्र खरं असतं, कारण जड चाक फिरवायला इंजिनला जोर लागतो. घाटात भरलेली गाडी एक गिअर खाली मागते, ब्रेकलाही जास्त काम पडतं. त्यामुळे मूळ चाकाच्या उंचीत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक होऊ देऊ नये. कमी झाला तर उत्तमच.

माप जुळलं म्हणजे चाक बसलं, असंही नाही. स्विफ्टला चार बोल्ट असतात आणि त्यांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आहे. दुकानात याला पीसीडी म्हणतात. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग टाकून ते घट्ट करावं लागतं, नाहीतर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. रिम किती आत किंवा बाहेर बसते ते ऑफसेटवर ठरतं. चाकं मडगार्डच्या बाहेर काढण्यासाठी स्पेसर टाकायची टूम आहे. दिसायला रुबाबदार, पण बोल्टवर आणि व्हील बेअरिंगवर ताण वाढतो. ते टाळलेलंच बरं. पैसे देण्याआधी एक चाक पुढे, एक मागे चढवून बघावं. मागे तीन माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि गाडी खड्ड्यातून न्यायची. कुठे घासल्याचा आवाज आला तर ती साईज त्या गाडीची नाही.

टायरवर मापानंतर ८५ टी, ८८ एच असं काही लिहिलेलं असतं, तिकडे फारसं कोणी बघत नाही. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६० किलो. नवीन टायरचा हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा, कारण आपल्याकडे पाच जणांच्या गाडीत सात जण आणि वर धान्याची पोती असतात. बाजूलाच चार आकडी तारीख असते. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला. सेकंडहँड अलॉयसोबत येणारे टायर घेताना हे आवर्जून बघावं.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मोठं दुखणं विम्याचं. अपघात झाला आणि सर्व्हेअरला चाकं वेगळी दिसली तर क्लेम अडकू शकतो. बाहेरून अलॉय टाकली तर विमा कंपनीला लेखी कळवावं, बिल जपून ठेवावं.

या सगळ्यात सर्वात सरळ वाट एकच आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जे चाक देते तिथपर्यंत जायचं, त्यापुढे नाही. खालच्या मॉडेलची स्विफ्ट असेल तर १५ ची रिम आणि १८५/६५. कोणती मापं चालतात ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेच्या आकड्यांसकट सापडतं. ज्यांचं रोजचं येणं-जाणं शेतरस्त्यावरून आहे त्यांनी १४ वरच राहावं. पंक्चर झालं तर फाट्यावरचा दुकानदारही ते चाक नीट खोलतो. पातळ रबराचं १६ चं चाक मशीनशिवाय लोखंडी पट्टीने खोलायला गेलं तर अलॉयच्या कडेला ओरखडे पडतात आणि तिथून रोज थोडी थोडी हवा जाते. शिवाय तो टायर तालुक्याला मिळेलच असं नाही, जिल्ह्याहून मागवावा लागू शकतो.

स्टेपनी जुनी १४ चीच राहणार असेल तर ती दुकानापर्यंत हळू जाण्यापुरतीच वापरावी. चारही चाकं बदलल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावं. काही अलॉयला कंपनीचे जुने नट बसत नाहीत, तेव्हा रिमसोबतचेच नट मागून घ्यावेत. पहिले ५० ते १०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. नव्या अलॉयचे नट या टप्प्यात सैल पडू शकतात.